क्लॅम्प मीटर शून्य दाखवतं तेव्हा

मागच्या थंडीत रात्री साडेनऊला मामेभावाचा फोन. "दादा, मीटर डिफेक्टिव्ह निघालं, परत पाठवतो." लाईटबिल जास्त येतंय म्हणून पठ्ठ्याने ऑनलाइन डिजिटल क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा जबडा लावून करंट मोजायचं यंत्र) मागवलं होतं, गिझर चालू केला, गिझरच्या केबलला जबडा लावला आणि स्क्रीनवर ०.००. तिकडं बाथरूममध्ये पाणी कढत होतं आणि मीटर म्हणत होतं करंटच नाही. मी म्हटलं थांब, परत पाठवू नको, मीटर चांगलंय, तू केबल अख्खी धरलीस ना? तर म्हणे हो, मग कशी धरायची असते?

आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, नवीन पोरगं कामाला आलं की पहिल्या आठवड्यात हाच घोळ घालतं. आयटीआयमधून आलेलं असलं तरी घालतं. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो, क्लॅम्प मीटर म्हणजे नक्की काय बघतं, आणि त्याने शून्य दाखवलं तर त्याचे किती वेगवेगळे अर्थ निघतात. जुने वायरमन याला अजून टाँग टेस्टर म्हणतात, दुकानात कोणी टाँग टेस्टर मागितला तर हेच द्यायचं असतं.

वायरमधून करंट वाहायला लागला की त्या वायरभोवती गोल गोल चुंबकीय क्षेत्र तयार होतं. हे १८२० साली ओर्स्टेड नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाला दिसलं, बॅटरीच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलली त्यावरून. क्लॅम्प मीटरचा जबडा आहे ना, प्लास्टिकच्या आत लोखंडी कोअर असतो, तो ते क्षेत्र गोळा करतो. आणि कोअरवर बारीक तारेचे भरपूर वेढे असतात. म्हणजे जबडा बंद केला की तो चक्क एक ट्रान्सफॉर्मर झाला, ज्याची प्रायमरी म्हणजे आपली वायर, एकच वेढा, आणि सेकंडरी आतले ते वेढे. १००० वेढ्यांमागे १ असा हिशोब धरला तर वायरमध्ये १० अँपिअर वाहताना आतून १० मिलिअँपिअर निघतात, तेवढे मोजायचे आणि स्क्रीनवर १०.०० लिहायचं. वायर कापायची नाही, सोलायची नाही, लाईन बंद करायची नाही. मल्टिमीटरने करंट मोजायचा तर सर्किट तोडून मीटर मधे सिरीजमध्ये टाकावं लागतं, आणि बहुतेक मल्टिमीटर १० अँपिअरलाच थांबतात, त्यामुळं मोटरवाल्यांना क्लॅम्पशिवाय पर्याय नाही.

आता गिझरची केबल बघा. तिच्यात तीन वायरी, फेज, न्यूट्रल, अर्थिंग. फेजमधून जेवढा करंट गिझरकडं जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो, कुठं जाणार दुसरीकडं? जाणाऱ्याचं क्षेत्र एका बाजूने फिरतं, येणाऱ्याचं उलट बाजूने, दोन्ही एकाच जबड्यात घेतली की बेरीज शून्य. मीटर खोटं बोलत नव्हतं, जबड्यात होतं त्याची बेरीजच शून्य होती. तीन फेजच्या केबलचं पण तसंच, आर, वाय, बी तिन्ही एकत्र धरले की मोटर फुल लोडवर असली तरी शून्य. एक वायर, एकटी. हे पक्कं डोक्यात बसवा, आणि हे शून्य लक्षात ठेवा कारण शेवटी त्याच्याकडंच परत यायचंय.

पण घरात एकटी वायर सापडणार कुठं, सगळ्या उपकरणांना तर तीन कोअरची केबल असते. एक तर डीबी, म्हणजे ट्रिप होणाऱ्या एमसीबी स्विचांची पेटी, उघडून एमसीबीच्या खालून निघणारी फेजची वायर धरायची (झाकण उघडल्यावर आत सगळं जिवंत असतं, सवय नसेल तर वायरमनला बोलवा, मी मस्करी करत नाही). किंवा माझा जुगाड करा, हातभर लांबीचं चांगल्या जाडीचं एक्सटेन्शन बनवायचं, मधे वीतभर बाहेरचं रबरी आवरण उभं कापून काढायचं, आतल्या तिन्ही वायरींचं इन्सुलेशन अजिबात दुखवायचं नाही, फक्त वेगवेगळ्या करायच्या. प्लग या एक्सटेन्शनमधून लावला की फेज एकटी हातात येते. याला बाजारात तयार पण मिळतं, लाईन स्प्लिटर म्हणतात, पण घरी होतं तर कशाला. नुसतं आतल्या वायरीला एक जरी चरा गेला असेल तर ते एक्सटेन्शन फेकून द्या, टेप मारून वापरू नका.

रीडिंग घ्यायची रीत सोपी आहे पण घाई नको. डायल अँपिअरवर, आणि अँपिअरमध्येसुद्धा एसीवर, म्हणजे नागमोडी रेघेच्या खुणेवर. ऑटो रेंज नसेल तर आधी मोठी रेंज लावायची, २०० ची वगैरे, मग खाली यायचं, ओएल दिसलं म्हणजे रेंजच्या बाहेर गेलंय. जबडा पूर्ण मिटला पाहिजे, तोंडावर धूळ, ग्रीस, वाळूचा कण असेल तर मधे फट राहते आणि आकडा कमी येतो, शेतावरच्या मीटरचं हे रोजचं दुखणं, मी तर टोकं बनियनला पुसूनच लावतो. वायर जबड्याच्या मधोमध ठेवायची, बऱ्याच मीटरच्या जबड्यावर बाणाच्या खुणा असतात त्या त्यासाठीच. आणि शेजारची जाड वायर जबड्याला चिकटलेली नको, तिचं क्षेत्र थोडं घुसतं. आणि हो, अँपिअर मोजताना लाल-काळ्या प्रोब काढून ठेवा, लोंबकळत्या प्रोबने स्टार्टरमध्ये शॉर्ट झालेला मी पाहिलाय, काळा ठिपका अजून आहे त्या पत्र्यावर.

मामेभावाने फोनवर बोलत बोलत दुसऱ्या दिवशी असं एक्सटेन्शन बनवलं आणि गिझरला आले ८.६. गिझरवर २००० वॅट लिहिलेलं, २००० भागिले २३०, ८.७. जुळलं. घरात मोजायला ही चांगली सवय, आधी कागदावर भागाकार करायचा, काय यायला पाहिजे ते ठरवायचं, मग जबडा लावायचा. १००० वॅटची इस्त्री ४.३ च्या आसपास. नुसता आकडा बघून काहीच कळत नाही, ४ अँपिअर जास्त की कमी? इस्त्रीला बरोबर, फ्रिजला मात्र चालू व्हायच्या क्षणापुरते ठीक, नंतरही तेवढेच राहिले तर कॉम्प्रेसर अडकलाय.

पंख्याला लावलं तर त्याला ०.३ की काहीतरी दिसलं आणि आकडा हलत होता. साध्या जुन्या पंख्याचे ७५ वॅट म्हणजे ०.३३ च्या आसपास, इतकं बारीक साध्या क्लॅम्पला नीट दिसत नाही. याला उपाय एकदम गावठी आहे पण पक्का, ती एकटी वायर जबड्यातून दहा वेळा गुंडाळून घ्यायची. आता प्रायमरीला दहा वेढे झाले, मीटर दहापट दाखवणार, ३.३ दिसले की १० ने भागायचं. वेढे मोजताना जबड्याच्या आतून किती वेळा वायर गेली ते मोजायचं, बाहेरून नाही.

घरापुरतं एवढं पुरे. खरा क्लॅम्प मीटर लागतो तो विहिरीवर.

तीन फेजच्या मोटरला आमच्याकडचा तोंडी हिशोब एका एचपीला दीड अँपिअर. ५ एचपीला साडेसात, साडेसात एचपीला अकरा-सव्वाअकरा, १० ला पंधराच्या आत. पाणबुडी मोटर यापेक्षा जास्त घेते, तिची वाइंडिंग पाण्यात आणि बॉडी बारीक असल्यामुळं बनावटच वेगळी, म्हणून नेमप्लेटवरचा आकडा हाच खरा, मोटर बोअरमध्ये सोडायच्या आधी नेमप्लेटचा फोटो काढून ठेवा. सोडल्यानंतर कोणाला आठवत नाही आणि दोनशे फुटावरून परत वर कोण काढणार.

स्टार्टर उघडून तिन्ही फेज एकेक करून धरायचे. चालू होताना मोटर फुल लोडच्या पाच ते सात पट करंट घेते, तो काही क्षणांचा असतो, स्क्रीनवर आकडा उडी मारतो आणि खाली येतो, त्याला घाबरायचं नाही. ज्या मीटरला इनरश असतं ते हा पहिला झटका पकडून ठेवतं, साध्या मॅक्स होल्डला तो नीट सापडत नाही कारण मीटर सेकंदाला दोन-तीन वेळाच बघतं. मिनिटभर मोटर चालू दे, पाणी पडायला लागू दे, मग लिहायचं. समजा आर ८.०, वाय ७.६, बी ९.३ आले. सरासरी ८.३. सरासरीपासून सगळ्यात लांब बी आहे, १ अँपिअरने, म्हणजे १२ टक्के. १० टक्क्यांच्या वर फरक गेला की मोटर आतून तापत असते, आज चालेल, उन्हाळ्यात जळेल.

आता दोष कोणाचा? शेतकरी म्हणतो तुम्ही वाइंडिंग नीट भरली नाही, आम्ही म्हणतो लाईट खराब आहे, भांडण. हे भांडण मिटवायची रीत आहे आणि फुकट आहे. मेन बंद करायचा, स्टार्टरच्या खाली मोटरकडं जाणाऱ्या तिन्ही वायरी एकेक घर पुढं सरकवायच्या, पहिली दुसऱ्या जागी, दुसरी तिसऱ्या, तिसरी पहिल्या. तिन्ही सरकवल्या की फिरायची दिशा बदलत नाही, दोनच अदलाबदल केल्या तर मोटर उलटी फिरेल. परत चालू करून तिन्ही धरायचे. जास्तीचा करंट अजूनही बी फेजलाच असेल तर दोष लाईनचा, डीपीवरचा (खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज, ढिला जम्पर, कुठंतरी. पण जास्तीचा करंट त्याच मोटरच्या वायरीबरोबर सरकून दुसऱ्या फेजवर गेला तर दोष मोटरमध्ये नाहीतर केबलमध्ये. दोन-तीनदा यात आमचीच वाइंडिंग चुकलेली निघालीय, गपचूप परत भरून दिली.

लाईन थोडी वाकडी असली तरी करंट फार वाकडा होतो हे लोकांना पटत नाही. तिन्ही फेजच्या व्होल्टेजमध्ये १ टक्का फरक असेल तर करंटमध्ये ६ ते १० टक्के फरक पडू शकतो. आणि एक फेज पूर्ण गेला तर चालती मोटर बंद पडत नाही, भुंग्यासारखा आवाज करत दोन फेजवर फिरत राहते, एका फेजला ०.०० आणि उरलेल्या दोनला साधारण पावणेदोनपट. साडेसातच्या जागी तेरा. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले (करंट ठरलेल्या आकड्यावर गेला की मोटर बंद करणारा) नीट सेट असेल तर तो तोडतो, पण आमच्याकडं निम्म्या स्टार्टरमध्ये रिलेचा काटा शेवटच्या आकड्यावर फिरवून ठेवलेला सापडतो, "सारखा ट्रिप होत होता म्हणून". अरे तो ट्रिप का होत होता?

स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी कमी जोराने सुरू करून मग पूर्ण जोरावर नेणारा) असेल तर एक गंमत आहे, त्यात मोटरकडं सहा वायरी जातात. १० एचपीची मोटर मेनच्या वायरीत १४ अँपिअर घेत असेल तर या सहा वायरींमध्ये एकेकीत ८ च्या आसपासच दिसतात, ५८ टक्के. रिले बहुतेक या आतल्या वायरींवर बसवलेला असतो, म्हणून तो १४ ला नाही, ८ ला सेट करायचा. १४ ला ठेवला म्हणजे रिले नसल्यासारखंच.

पंपाचं अजून एक, जे मलाही पहिली काही वर्षं उलटंच वाटायचं. व्हॉल्व्ह बंद करत आणला की मोटरवर लोड वाढतो असं सगळ्यांना वाटतं, पाणी अडलं म्हणजे जोर लागत असेल. लावून बघा जबडा, विहिरीवरच्या नेहमीच्या सेंट्रिफ्युगल पंपाला व्हॉल्व्ह आवळला की अँपिअर कमी होतात. पाणीच कमी उचलतोय तो, काम कमी. उलट पाइप फुटला किंवा फार उंचीसाठी घेतलेला पंप कमी उंचीवर चालवला की पाणी धो धो पडतं, मालक खूश, आणि मोटर ओव्हरलोड. असं दिसलं तर व्हॉल्व्ह थोडा आवळून अँपिअर नेमप्लेटवर आणायचे. आणि चालता चालता अँपिअर एकदम निम्म्यावर आले तर बोअरचं पाणी तुटलंय, मोटर कोरडी फिरतेय, ताबडतोब बंद. ड्राय रनचं पॅनल हेच करतं, अँपिअर पडले की तोडतं.

व्होल्टेज पण मोटर चालू असतानाच मोजा. बंद असताना ४१५ दाखवतं, सगळे खूश, आणि डीपीपासून पाव किलोमीटर बारीक केबल ओढलेली असते, मोटर चालू झाली की ३४० वर येतं. व्होल्टेज पडलं की तेवढंच पाणी ओढायला मोटर जास्त करंट घेते, जास्त करंटने केबलमध्ये आणखी व्होल्टेज पडतं. "अँपिअर जास्त घेते, वाइंडिंग बघा" म्हणून मोटर दुकानात येते आणि टेबलावर एकदम ठणठणीत चालते, अशा किती आल्या.

अँपिअर म्हणजे लाईटबिलातलं युनिट नव्हे, हेही इथंच सांगतो कारण मामेभावाने लगेच सगळ्याला २३० ने गुणायला घेतलं होतं. गिझर-इस्त्रीला ठीक, मोटरला नाही. मोकळी मोटर, पंप न जोडता टेबलावर फिरवली तरी फुल लोडच्या तिसरा हिस्सा ते निम्मा करंट घेते, काम शून्य, तो नुसता मॅग्नेटायझिंगचा करंट. पॉवर फॅक्टर मधे येतो, म्हणजे करंटचा किती हिस्सा खरं काम करतो ते. याचा फायदा कपॅसिटर तपासायला होतो, ५ एचपीच्या मोटरला २ केव्हीएआरचा (हे कपॅसिटरचं माप) कपॅसिटर असेल तर ४१५ व्होल्टला त्याच्या प्रत्येक वायरीत पावणेतीन अँपिअर दिसायला पाहिजेत, तिन्हीत सारखे. कमी दिसले तर तो आटलाय, एकात शून्य असेल तर गेला. चांगला असेल तर मेनच्या वायरीतला करंट कमी होतो, पण कपॅसिटरच्या पुढं मोटरकडं जाणाऱ्या वायरीत तेवढाच राहतो, जबडा कुठं लावला त्यावर आकडा ठरतो. कपॅसिटर बंद केल्यावर लगेच हात लावू नका, त्यात चार्ज राहतो.

आता दुसरं शून्य. मागच्या वर्षी एका सौर पंपाच्या शेतकऱ्याने बोलावलं, पाणी कमी पडतंय. पॅनलकडून कंट्रोलरला येणारी वायर एकटी धरली, नियमाप्रमाणं, आणि ०.००. पंप तर चालूय. पॅनलमधून येतं डीसी, आणि साधं क्लॅम्प मीटर म्हणजे ट्रान्सफॉर्मर, त्याला डीसी दिसतच नाही, कारण क्षेत्र बदलत नाही तर वेढ्यांमध्ये काही तयार होत नाही. डीसीसाठी जबड्याच्या फटीत वेगळा सेन्सर बसवलेला असतो, हॉल इफेक्टचा, एडविन हॉलने १८७९ मध्ये शोधलेला, तो स्थिर क्षेत्रसुद्धा ओळखतो. त्यामुळं मीटर घेताना डब्यावर एसी-डीसी करंट असं स्पष्ट लिहिलंय का बघा, नुसतं डीसी लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा डीसी व्होल्टेज असतं, इथं भरपूर जण फसतात. डीसी मोजायच्या आधी मोकळ्या जबड्यावर झिरोचं बटण दाबायचं, कोअरमध्ये थोडं चुंबकत्व उरलेलं असतं आणि पृथ्वीचं क्षेत्र पण येतं. उणे चिन्ह दिसलं तर वायर उलट बाजूने गेलीय एवढंच. ट्रॅक्टरची बॅटरी रात्रीत उतरते का हे शोधायलाही हेच मीटर, सगळं बंद करून बॅटरीची वायर धरायची.

ट्रू आरएमएसबद्दल, म्हणजे करंटचा आकार कसाही असला तरी खरा आकडा काढणाऱ्या मीटरबद्दल, दुकानदार फार बोलतात. साधं मीटर करंटची सरासरी काढतं आणि करंट छान नागमोडी असेल असं गृहीत धरून १.११ ने गुणतं. गिझर, साध्या मोटरला हे बरोबर येतं. पण एलईडी बल्ब, कॉम्प्युटर, इन्व्हर्टर एसी, व्हीएफडीवरची (वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवरची) मोटर, हे करंट झटक्याझटक्याने ओढतात, तिथं साधं मीटर २०-३० टक्के, कधी त्याहून जास्त कमी दाखवतं. वायर गरम लागते आणि मीटर म्हणतं लोड नाही, तर हे कारण असू शकतं. व्हीएफडी, सोलर अशी कामं करणार असाल तर ट्रू आरएमएसच घ्या, नुसत्या विहिरीवरच्या मोटरी बघायच्या तर पैसे वाचवा.

मीटरवर कॅट लिहिलेलं असतं, कॅट २, कॅट ३, कॅट ४, पुढं ६०० व्होल्ट वगैरे. ते व्होल्टेजपेक्षा जास्त महत्त्वाचं. घरातल्या सॉकेटपर्यंत कॅट २, डीबी आणि मोटर पॅनल कॅट ३, बाहेरून येणारी सर्व्हिस लाईन कॅट ४. डीपीच्या जितकं जवळ जाल तितका शॉर्ट झाला तर स्फोट मोठा, आणि लाईनवरून अचानक येणारे व्होल्टेजचे मोठे झटके मीटर किती सोसेल याचा तो दर्जा. कॅट २ चं स्वस्त मीटर घेऊन डीपीखाली उभं राहू नका. जबड्याच्या खाली जी उंच कड असते बोटं तिच्या मागंच ठेवायची. आणि प्रोबने व्होल्टेज मोजायच्या आधी डायल बघा, ओहमवर ठेवून ४१५ ला प्रोब लावणारे दरवर्षी एखादा तरी सापडतोच.

बंद वायरीवर प्रोब लावला आणि ६०-७० व्होल्ट दिसले तर लगेच लाईट आहे समजू नका, शेजारच्या वायरीतून आलेलं भुताचं व्होल्टेज असतं, मीटरचा रेझिस्टन्स फार मोठा म्हणून ते दिसतं. टेस्ट लॅम्प लावला की उतरतं. उलट बाजूने मात्र चूक करायची नाही, लाईट नाहीच अशी खात्री करताना मीटर आधी चालू पॉइंटवर लावून बघा, मग बंद वायरीवर, मग परत चालू पॉइंटवर. मधल्या वेळात मीटर बिघडलं किंवा प्रोबची वायर आतून तुटली तर मीटर शून्यच दाखवणार, हे तिसरं शून्य, आणि सगळ्यात वाईट. न लावता पीं पीं करणाऱ्या सेन्सरवर तर जीव टाकूच नका.

आणि आता पहिल्या शून्याकडं. यंदा पावसाळा संपल्यावर मामीचा फोन, फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात रे, वॉशिंग मशीनला पण. ओल्या पायाने तर जोरात. वायरमन येऊन फ्रिज बदला सांगून गेला होता. दोन वेगवेगळ्या वस्तूंना एकदमच मुंग्या म्हणजे फ्रिजचा काही संबंध नाही, दोघांना जोडणारी एकच गोष्ट, अर्थिंगची वायर.

गेलो, डीबी उघडला. जुनं घर, गळतीला तोडणारा आरसीसीबी नाहीच, नुसते एमसीबी. मामेभावाच्याच मीटरने मेनची फेज आणि न्यूट्रल, दोन्ही वायरी मुद्दाम एकत्र जबड्यात घेतल्या. हा म्हणतो दादा, असं धरायचं नसतं ना? म्हटलं आता बघ. शून्य यायला पाहिजे होतं, आले ०.४६. म्हणजे जेवढा करंट घरात जातोय त्यातला ०.४६ अँपिअर न्यूट्रलने परत येतच नाही, दुसऱ्या वाटेने जमिनीत जातोय. आरसीसीबी पण आतून नेमकं हेच करतो, दोन्ही वायरी एका कोअरमधून नेतो आणि ३० मिलिअँपिअरचा फरक आला की तोडतो, हा तर त्याच्या पंधरापट होता. एमसीबी मात्र ढिम्म, त्याला अर्धा अँपिअर म्हणजे दीड पंखा.

मग एकेक एमसीबी खाली करत गेलो. हॉल, ०.४६. किचन, ०.४६. बाथरूम खाली केला आणि ०.०१. तोच गिझर. आणि गंमत बघा, त्याची तीन कोअरची केबल अख्खी धरली तर आज पण शून्यच येणार, कारण गळलेला करंट त्याच केबलमधल्या हिरव्या वायरीतून परत येतोय, तिन्हींची बेरीज जमते. गळती बघायची तर हिरवी बाहेर ठेवून फक्त दोन धरायच्या. हिरवी एकटी धरली तर तिथं ०.४५ होतेच.

गिझरचा एलिमेंट क्षार बसून तडकलेला. पण नुसत्या तेवढ्याने फ्रिजला मुंग्या आल्या नसत्या, अर्थिंग चांगलं असतं तर करंट निमूट जमिनीत गेला असता. मागच्या अंगणात अर्थिंगच्या खड्ड्यावर फरशी बसवून टाकलेली, वर्षानुवर्षं पाणी नाही, आत मीठ-कोळसा असेल तो सुकून दगड. अशा खड्ड्याचा रेझिस्टन्स १०० ओम धरला तरी ०.४६ गुणिले १००, ४६ व्होल्ट, आणि हे ४६ व्होल्ट घरातल्या प्रत्येक हिरव्या वायरीवर, प्रत्येक पत्र्यावर चढलेले. मुंग्या सकाळीच, गिझर चालू असेल तेव्हाच यायच्या, हेही मामीला तेव्हा आठवलं.

एलिमेंट बदलला, खड्डा नवीन केला, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. मामेभावाने सगळं चालू करून स्वतःच दोन्ही वायरी एकत्र जबड्यात धरल्या, फोनवर फोटो काढला, ०.०१. तो शेवटचा १ कुठून आला म्हणून विचारत होता. म्हटलं साध्या मीटरचा शेवटचा आकडा तसाही उगाच हलत असतो, आणि टीव्ही, राउटर यांच्या फिल्टरमधून थोडं गळतंच, पण खात्री करायची असेल तर दोन्ही वायरी मिळून पाच वेढे घे आणि पाचने भाग.